पिवळा रंग आणि साखळीचे टोक

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा दिवसांत राफ्ट पद्धतीने बनवलेले आणि पाण्यात विरघळवलेले, लांब साखळ्यांचे बहुवारिक पॉलिअ‍ॅक्रिलामाइड टेबलावर तसेच ठेवणे म्हणजे साखळीच्या टोकावर पाणी सोडणेच होय.

राफ्ट, म्हणजे बहुवारिकाच्या साखळ्या नियंत्रित रीतीने वाढवण्याची पद्धत, १९९८ साली ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मांडली. तीत बहुतेक साखळ्यांच्या एका टोकाला गंधकयुक्त गट शिल्लक राहतो. आमच्याकडे तो ट्रायथायोकार्बोनेट असतो आणि त्यामुळेच भुकटी फिकट पिवळी दिसते. पुढे याच टोकावर दुसऱ्या एककांचा खंड वाढवायचा असल्याने ते किती साखळ्यांवर शाबूत आहे, हे आधी कळावे लागते.

"सर, रंग आहे म्हणजे टोक आहेच ना?" असे विद्यार्थी विचारतात. परंतु साखळ्यांना हा गट देणारा, पण न वापरला गेलेला राफ्ट अभिकर्मकही पिवळाच असतो, म्हणून तो आधी डायलिसिसने, म्हणजे फक्त लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या पडद्याच्या पिशवीतून, काढून टाकावा लागतो. इथे आमच्या भागातील पाणी आड येते. बोअरचे पाणी जड आणि बायकार्बोनेटमुळे किंचित अल्कधर्मी असते, आणि अल्कधर्मी पाण्यात हा गट जलविघटनाने तुटतो. त्यामुळे पिशवी ऊर्ध्वपातित पाण्यातच ठेवावी आणि अ‍ॅसिटेट बफरने सामू ५ च्या जवळ राखावा, असा माझा आग्रह असतो. शिवाय अ‍ॅमाइड गटांचे थोडे जरी जलविघटन झाले, तरी सुटलेला अमोनिया टोकावर हल्ला करतो आणि तिथे थायॉल (गंधक-हायड्रोजन गट) उरतो.

मोजणीसाठी ३१० नॅनोमीटरजवळचे प्रकाशशोषण सर्वांत उपयोगी पडते. मात्र प्रमाण-आलेख (माहीत असलेल्या संहतींवरून काढलेला) त्याच अभिकर्मकाचा आणि त्याच द्रावकात काढलेला असावा. दुसरा मार्ग एनएमआरचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातील संकेतांवरून प्रोटॉन मोजण्याचा. त्यासाठी नमुना कोरड्या भुकटीच्या रूपातच नागपूरला पाठवतो. रेणुभार १०,००० असेल तर साखळीत सुमारे १४० एकके, म्हणजे कण्याचे सुमारे ४२० प्रोटॉन येतात, आणि त्यांच्यासमोर टोकाच्या मिथाइलचे तीनच. त्यामुळे इतक्या लांबीवर मी एकट्या त्या आकड्यावर विसंबत नाही.

जीपीसीच्या (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या तपासणीच्या) आलेखात मुख्य शिखराशेजारी दुप्पट रेणुभाराचा खांदा दिसला, तर दोन शक्यता उरतात: दोन वाढत्या साखळ्यांची मुक्तमूलक टोके एकमेकांना जोडली गेली असतील, किंवा टोकाचे थायॉल हवेतील ऑक्सिजनमुळे डायसल्फाइड होऊन जुळले असतील. डायसल्फाइड बंध तोडणारा क्षपणकारक घालून पुन्हा जीपीसी करावी. डायसल्फाइडचा खांदा नाहीसा होतो, मूलकांच्या जोडणीचा तसाच राहतो.