‘टेन्शन घेऊ नकोस’ या सल्ल्याविषयी

लग्नाला काही वर्षे होऊनही घरात पाळणा हलला नाही की आजूबाजूची माणसे शेवटी एकाच सल्ल्यावर येऊन थांबतात : "टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल." हा सल्ला मला आमच्या मुलुंडच्या इमारतीतल्या काकूंनी दिला, ऑफिसातल्या मैत्रिणीने दिला आणि सोनोग्राफीसाठी ताटकळत बसले असताना शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईंनीही दिला. तिघींच्याही बोलण्यात माया होती, याबद्दल मला शंका नाही. तरीही या वाक्याने मला जितका मनस्ताप झाला तितका इंजेक्शनांनी झाला नाही. कारण मी काळजी करते म्हणूनच मूल होत नाही, असा त्याचा अर्थ निघतो आणि मग काळजी वाटते याचीही वेगळी काळजी करत बसावे लागते.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात ३,५८३ स्त्रियांची माहिती होती आणि आयव्हीएफसारखे (म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचे शरीराबाहेर मीलन घडवून तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडण्याचे) उपचार सुरू होण्यापूर्वी मनावर असलेल्या ताणाचा त्या उपचाराच्या यशापयशाशी संबंध आढळला नाही. तीव्र ताणाने पाळी पुढेमागे होऊ शकते, हे खरे आहे. पण बंद झालेल्या बीजवाहक नळ्या किंवा कमी असलेले शुक्राणू मन शांत केल्याने बदलत नाहीत. हे वाचल्यावर माझ्यापुरता एक मोठा गुंता सुटला. ताण हलका करायचा तो मूल व्हावे म्हणून नव्हे, तर मधली वर्षे जगण्यासारखी राहावीत म्हणून. पुढे जे लिहिते आहे ते याच हेतूने.

बाहेरून पाहणाऱ्याला उपचार म्हणजे दवाखान्याच्या फेऱ्या एवढेच दिसते. प्रत्यक्षात महिनाभर सगळे वेळापत्रक पाळीच्या तारखेवर चालते. पाळीच्या सुरुवातीला सोनोग्राफी, मग रोज ठरलेल्या वेळी पोटात इंजेक्शन, अधूनमधून बीजांडाच्या पिशव्या किती वाढल्या याची तपासणी, नंतर स्त्रीबीजे पक्व करणारे ‘ट्रिगर’चे इंजेक्शन आणि त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी स्त्रीबीजे काढणे. परळच्या ऑफिसातून घरी पोहोचेपर्यंत इंजेक्शनाची वेळ टळून जाईल म्हणून मी औषध ऑफिसच्या फ्रीजमध्ये स्टीलच्या डब्यात ठेवत असे आणि कोणी डबा उघडू नये म्हणून झाकणावर ‘कारल्याची भाजी’ अशी चिठ्ठी चिकटवत असे. तो डबा कोणीही कधी उघडला नाही.

सर्वांत अवघड काळ मात्र गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतरचा, रक्ततपासणीपर्यंतच्या साधारण दोन आठवड्यांचा असतो. करण्यासारखे काही उरलेले नसते. त्या काळात गर्भाशयाचे अस्तर टिकवणारे प्रोजेस्टेरॉन हे औषध चालू असते आणि त्याच्यामुळे छाती जड होणे, पोट फुगणे, सारखी झोप येणे ही सगळी लक्षणे दिसतात, म्हणजे नेमकी तीच, जी दिवस गेल्यावर दिसतात. त्यामुळे शरीराकडे कितीही लक्ष दिले तरी काहीही ओळखता येत नाही. घरी कार्डवर तपासणी करण्याचा मोह होतो. पण ट्रिगरमध्ये एचसीजी हे गर्भारपणात तयार होणारे संप्रेरक (हार्मोन) असेल तर ते काही दिवस शरीरात राहते, कार्ड तेच संप्रेरक शोधत असते आणि खोटी आशा लागू शकते. म्हणून घरी किट आणायचेच नाही, असे आम्ही ठरवले. दुसरी गोष्ट रिपोर्टची. हल्ली तो मोबाइलवर येतो आणि कुर्ला-घाटकोपरच्या मध्ये, एका हाताने वरची कडी धरून गर्दीत उभे असतानाही येऊ शकतो. आम्ही प्रयोगशाळेत फक्त घरच्या संगणकावर उघडायचा असा ईमेल दिला. उत्तर काहीही असो, ते दोघांनी बसून एकदम वाचायचे, एवढ्या एका नियमाने त्या दिवसाची धास्ती निम्मी झाली.

लोकलच्या महिलांच्या डब्यातले आमचे मंडळ मोठे हौशी आहे. चालत्या गाडीत डोहाळजेवण होते. फुलांचे दागिने, हिरवी साडी, झाकलेल्या दोन वाट्या आणि ‘पेढा की बर्फी’ यावर अख्खा डबा पैजा लावतो. एकदा अशा कार्यक्रमाची वर्गणी मी दिली आणि त्या दिवशी मुद्दाम नंतरची गाडी पकडली. पुढच्या वेळी मात्र गेले, गजरे माळले आणि हसलेही. दोन्ही वेळा मला योग्य तेच केले असे वाटते. आदल्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आलेला असताना ओवाळायला उभे राहणे ही मनाच्या मोठेपणाची परीक्षा नाही, आणि न जाणे हा मत्सरही नाही. नातेवाइकांच्या कार्यक्रमात "ओटी लेकुरवाळीने भरावी" असे जेव्हा कोणी मोठ्याने म्हणते, तेव्हा तिथून उठून जाण्यात मला अजिबात संकोच वाटत नाही.

मंडळातल्या एकीलाच मी खरे कारण सांगितले होते. तिने सल्ला दिला नाही. तिची बहीण याच वाटेवर आहे एवढेच सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातल्या साधारण दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. या हिशोबाने त्या गच्च भरलेल्या डब्यात मी एकटी असण्याची शक्यता नव्हतीच.

नवऱ्याविषयी लिहिताना त्याची परवानगी घेतली आहे. आपल्याकडे मूल होत नाही म्हटले की डॉक्टरकडे आधी बाई जाते. नळ्यांच्या तपासणीसाठी तिच्या गर्भाशयात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढले जातात. आणि सर्वांत सोपी, स्वस्त, न दुखणारी वीर्यतपासणी कितीतरी महिन्यांनी, आढेवेढे घेत होते. वास्तविक सुमारे निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणासोबत सापडते. आमच्याकडेही तसेच निघाले. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही सध्याची खालची संदर्भमर्यादा, आणि त्याचा आकडा तिच्या खाली होता. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे औषध घेऊन फेरतपासणी लगेच करता येत नाही. त्या काळात तो रात्री जेवण झाल्यावर सोसायटीच्या आवारात एकटाच फेऱ्या मारत राहायचा. पुरुषाला या दुःखासाठी आपल्या समाजाने शब्दच दिलेले नाहीत. मित्रांमध्ये या विषयावर फक्त थट्टा होते.

सासूबाई तोवर माझ्यासाठी सिद्धिविनायकाला नवस बोलून मोकळ्या झाल्या होत्या. एका रविवारी त्यानेच त्यांना सांगितले, "आई, माझाही रिपोर्ट कमी आलाय. हिला काही बोलू नकोस." त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी के.ई.एम.मध्ये टेस्ट ट्यूब बेबी झाली होती, पेपरात फोटो आला होता. तेव्हा झालं, तर आता का नाही होणार?" त्यांची आठवण पक्की आहे. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी के.ई.एम. रुग्णालयात ती मुलगी जन्मली. (कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे काम त्याही आधीचे, १९७८ चे. पण त्यांच्या हयातीत त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.) सासूबाईंच्या त्या विश्वासाने मला धीर आला आणि दडपणही आले, कारण विज्ञानाला जमते म्हणजे आपल्यालाही जमणारच, असे सगळ्यांनी गृहीत धरले की प्रत्येक अपयश वैयक्तिक वाटू लागते. बहुतेक जोडप्यांचा पहिला प्रयत्न यशस्वी होत नाही, हे घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेले बरे.

समुपदेशनाविषयी थोडे स्पष्ट लिहिते. २०२१ च्या सहायक प्रजननतंत्रज्ञान कायद्याने जोडप्याला उपचारांचे परिणाम आणि यशाची शक्यता यांविषयी व्यावसायिक समुपदेशन देणे दवाखान्यांवर बंधनकारक केले आहे. आम्ही जिथे जात होतो तिथे समुपदेशन म्हणजे संमतिपत्रावरची एक सही होती. शेवटी दादरमधल्या एका समुपदेशक बाईंकडे स्वतःहून गेलो. त्यांनी सांगितले की या विषयावर रात्री जेवणानंतर वीस मिनिटेच बोलायचे आणि नंतर तो दुसऱ्या दिवसापर्यंत काढायचा नाही. मला हे पोरकट वाटले होते. पण त्यामुळे बऱ्याच महिन्यांनी आम्ही पुन्हा ऑफिसातल्या भानगडी आणि पाणी न येण्याबद्दल बोलू लागलो. दुसरा सल्ला अपयशाच्या दिवसाचा : निगेटिव्ह रिपोर्ट हा शोकच आहे, तेव्हा त्या दिवशी रजा घ्या, रडा, आणि कोणाला काय कळवायचे ते एकाच वाक्यात आधी ठरवून ठेवा. त्याच्या नातेवाइकांना तो सांगतो, माझ्या माहेरी मी. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ गेली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र समुपदेशनावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी उपलब्ध असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

तिसरा सल्ला सर्वांत कठीण होता. उपचार कुठे थांबवायचे, किती पैसे घालायचे, हे सगळे उपचारांचे चक्र सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवायचे. कारण अपयशाच्या दिवशी माणूस एकतर सगळे सोडून देतो किंवा दागिने मोडायला निघतो. आमची मर्यादा येत्या दिवाळीपर्यंतची आहे. त्यानंतर दत्तक घेण्याचा विचार आहे, त्यासाठी ‘कारा’च्या (दत्तकविधान पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते आणि दोन वर्षांपर्यंतचे बाळ हवे असेल तर पतिपत्नीच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक चालत नाही. ती नोंदणी करायची की नाही हे आम्ही ठरवलेले नाही, आणि दिवाळीपूर्वी तो विषय काढायचा नाही, एवढे मात्र ठरले आहे.