क्लॅम्प सोडल्यावर जॉब का वाकतो?

कोल्हापुरातल्या उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचा हात ओतकाम, पंप आणि वाहनांच्या सुट्या भागांवर बसलेला आहे. तोच हात विमानाच्या भागांकडे वळला, की बहुतेकदा गाडी मोजणीपाशी अडते. आमच्या मोजणी कक्षात नुकताच आलेला अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट याचा चांगला नमुना आहे. व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग यंत्रावर) डायल लावून पाहिले तेव्हा त्याची सगळी बोअर, म्हणजे कोरलेली गोल भोके, टॉलरन्समध्ये (मापातल्या चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत) होती. ग्राहकाकडे मात्र तोच नग रिजेक्ट झाला.

आम्ही तो क्लॅम्प (पकड) न लावता सीएमएमच्या, म्हणजे त्रिमितीय मापनयंत्राच्या, ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवला आणि बोअरच्या आधी तळाचा पृष्ठभाग प्रोबने (मोजणाऱ्या टोकाने) स्कॅन केला. तळ मधोमध 0.12 मिलिमीटर उचललेला निघाला. पॉकेट (खळगा) एकाच बाजूने खोल कोरल्यामुळे प्लेटमधील अंतर्गत ताणाचा तोल बिघडला होता. क्लॅम्पने दाबून धरलेला जॉब (घडवायचा भाग) यंत्रावर सपाट दिसत होता आणि सोडताच वाकत होता. तळ हाच डेटम (ज्यापासून मापे घेतात तो संदर्भ) असल्याने बोअरची जागाही त्याबरोबर हलली. दोन्ही बाजूंनी आलटून पालटून रफिंग (सुरुवातीची जाड कापणी) करावे, थोडा मटेरियल राखून क्लॅम्प सोडावा, तळ हलक्या कटने पुन्हा सपाट करावा आणि मगच फिनिशिंग (शेवटची बारीक कापणी) घ्यावे, असे आम्ही सुचवले. ताणून ताण कमी केलेली टी-651 प्रतीची प्लेट घेतल्यानेही फरक पडतो.

तापमानाकडे तर सर्रास दुर्लक्ष होते. मोजणीचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस आहे, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये 36 अंश सहज असतात. एवढ्या फरकाने 400 मिलिमीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब सुमारे 0.15 मिलिमीटर वाढतो; पोलादी मापनसाधनही तापलेले असल्याने त्यातला जवळजवळ निम्मा फरक झाकला जातो, उरलेला निम्मा अंगावर येतो.

विमान उद्योगातील एएस 9102 मानकानुसार पहिल्या नगाच्या तपासणीत ड्रॉइंगवरील प्रत्येक मापाला क्रमांक देऊन त्याची नोंद करावी लागते. अनेक जण तेवढ्या कागदासाठीच आमच्याकडे येतात, ही माझी जुनी तक्रार आहे. जॉब फिक्स्चरसकट (तो धरणाऱ्या साच्यासकट) आणला, तर क्लॅम्प आवळून आणि सोडून अशी दोन्ही मोजणी करता येते, आणि दोन अहवालांतील फरकावरून कोणता क्लॅम्प कोठे सरकवायचा हे तिथल्या तिथे ठरते.