डब्यात उरलेले पाच पेढे

ठाण्यात वागळे इस्टेटच्या परिसरातील एका मराठी शाळेच्या बालवर्गात मी चौदा वर्षे शिकवते आहे. मोठ्या शिशूची मुले पहिलीत जाण्यापूर्वी, फेब्रुवारीच्या अखेरीस, आम्ही प्रत्येकाला पंधरा मिनिटे स्वतंत्र घेऊन बसतो. ही परीक्षा नसते आणि मुलाला ती तशी वाटूही द्यायची नसते. गोष्टीतली चार चित्रे क्रमाने लावायची, टाळ्या वाजवत ‘कमळ’ हा शब्द फोडायचा, त्यातला पहिला आवाज ओळखायचा, ग, म, भ, न या सारख्या वळणाच्या अक्षरांतले ‘नग’, ‘मन’ असे शब्द वाचायचे आणि शेवटी चिंचोके मोजायचे, एवढेच त्यात असते.

चिंचोक्यांचे काम बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल, पण माझा सर्वाधिक भरवसा त्याच्यावर आहे. सात चिंचोके ओळीत मांडले की मूल एकेकावर बोट ठेवून मोजते. बोट आणि शब्द बरोबर पडतात का, एखादा चिंचोका सुटतो का, एकच दोनदा मोजला जातो का, हे पाहायचे. मग विचारायचे, “किती आहेत?” ज्याला उमगले आहे ते मूल “सात” म्हणून मोकळे होते. ज्याला उमगलेले नाही ते पुन्हा ‘एक’पासून मोजू लागते, कारण शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्या चिंचोक्यांची संख्या, हे त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसते. त्यानंतर “यातले मला चार दे” असे सांगायचे. येथे मुलाला चारवर थांबावे लागते आणि ते थांबणे पाठांतराने येत नाही.

त्या दिवशी माझ्यासमोर बसला होता त्याला मी येथे निनाद म्हणते. त्याची अंकांची वही वर्गात सर्वांत स्वच्छ होती. मराठीतली संख्यानावे मुलांना किती छळतात हे शिकवणाऱ्यालाच ठाऊक असते. ‘त्रेपन्न’ म्हणताना आधी तीन ऐकू येतो आणि लिहायचा मात्र आधी पाच, म्हणून कितीतरी मुले ३५ लिहितात. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात पन्नाशीतले ५९. निनाद यात कधी चुकला नव्हता. दिवाळीपूर्वी मीच त्याच्या वहीवर चांदणी चिकटवली होती. तलावपाळीला बोटीत बसल्याची हकिगतही त्या सकाळी त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट क्रमाने सांगितली. मग मी चार चिंचोके मागितले. त्याने सातही ओंजळीत घेतले आणि माझ्या हातावर ठेवले. दुसऱ्यांदा मागितले तेव्हाही तसेच केले.

त्याच दिवशी शाळा सुटताना त्याची आई पेढ्यांचा डबा घेऊन आली. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या शाळेत त्याचा पहिलीचा प्रवेश पक्का झाला होता. “नुसत्या गप्पा मारल्या हो बाई, आणि शंभरपर्यंत लिहून घेतलं. एक चूक नाही!” शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची अशी चाचणी घेता येत नाही, पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही गप्पांच्या नावाखाली ती घेतली जाते आणि पालक तक्रार करत नाहीत, कारण मूल त्याच शाळेत घालायचे असते.

आईच्या सांगण्यावरून निनादने वर्गात पेढे वाटले. प्रत्येकाच्या हातावर एकेक, कोणालाही दोनदा नाही, कोणी सुटले नाही. मग तो डबा घेऊन आमच्याजवळ आला. मी विचारले, “किती उरले रे?” त्याने बोट लावून मोजले, “एक, दोन, तीन, चार, पाच.” “म्हणजे किती?” त्याने पुन्हा बोट पहिल्या पेढ्यावर ठेवले. “एक, दोन...” त्याची आई हसत होती, ती हळूहळू गप्प झाली.

मी तिला बाकावर बसवून सकाळचे चिंचोक्यांचे सांगितले. ती म्हणाली, “पण बाई, चांदणी तुम्हीच दिली होती ना?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. वर्गात रोज आम्ही एका सुरात अंक म्हणतो. त्या सुरात निनादचा आवाज खणखणीत असे, आणि मी तो आवाज ऐकून पुढे जात राहिले. आमच्या प्रगतिपत्रकात ‘१ ते १०० लेखन’ असा रकाना आहे. ‘सांगितलेल्या संख्येएवढ्या वस्तू देतो’ असा नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात बालवाटिकेच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातल्या, मुलाकडून १० पर्यंतचे अंक ओळखण्याची आणि वाचण्याची अपेक्षा आहे, शंभरची नाही. पालकसभेत हे सांगितले की शेजारच्या शाळेत शंभरपर्यंत घेतात, असे उत्तर येते, आणि आमचे व्यवस्थापनही त्यांच्याच बाजूने मान डोलावते. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तू हाताळू देत मुलांना शिकवले. त्यांची नावे आम्ही प्रशिक्षणात पाठ केली आणि चौकटींच्या वह्या मागवल्या.

उरलेल्या दिवसांत निनादची लेखनाची वही मी बंद ठेवली. रोज मदतनीस मावशींना तीन डबे, दोन पाट्या, चार खडू नेऊन देण्याचे काम त्याला दिले. आईलाही घरी पोळ्या वाढताना “बाबांना दोन दे” एवढेच सांगायला सांगितले. तिने पहिल्या दोन आठवड्यांत तीनदा विचारले की त्याला वर्षभर मागे ठेवू का. मी नको म्हटले. निर्णय योग्य होता असे मला वाटते, पण तो देताना माझा आवाज जितका ठाम होता तितकी मी आतून ठाम नव्हते.

शेवटच्या दिवशी सहा मुलांच्या पंगतीत ताटल्या मांडायला मी त्याला सांगितले. त्याने पाच आणल्या, एकेकासमोर ठेवल्या आणि सहाव्या मुलीपाशी रिकाम्या हाताने थांबला. मग मागे जाऊन बरोबर एकच ताटली घेऊन आला. किती कमी पडली हे त्याला कळले होते, की समोर एकच मूल ताटलीवाचून बसलेले दिसले म्हणून त्याने एक आणली, हे मला ठरवता आले नाही. नोंदवहीत मी जेवढे दिसले तेवढेच लिहिले आणि त्या पानाची प्रत प्रगतिपत्रकाला जोडून, नव्या शाळेतल्या पहिलीच्या बाईंना दाखवण्यासाठी, त्याच्या आईच्या हाती दिली.