बांधावरची १६५ मीटर तार

लहानपणी आज्जी रानात ट्रान्झिस्टर घेऊन यायची. दुपारी पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर जरा अशक्तच लागायचं, मग ती रेडिओ जागेवरच थोडा फिरवायची आणि आवाज भरून यायचा. आतली फेराइटची कांडी, म्हणजे रेडिओचा आतला अँटेना, टोकानं स्टेशनकडं बघत असली की स्टेशन मरतं, आडवी झाली की जिवंत होतं, हे मला हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन काढल्यावर कळलं.

आता हेच मी हौशींच्या १६० मीटर बँडवर करतोय, म्हणजे जिथं लाटेची लांबी साधारण १६० मीटर असते तिथं. घरावरचा उभा अँटेना ट्रान्समिटला झकास आहे, पण ऐकताना तो चारी बाजूंचं सगळंच गोळा करतो, शेजारच्या एलईडी बल्बचे ड्रायव्हर, सोलरचा इन्व्हर्टर, वळवाच्या दिवसांत लांबच्या विजांची कडकड, सगळं. रिसीव्हरचा जोर दाखवणारा मीटर एस ८ वर नुसत्या गोंगाटानंच बसतो आणि युरोपचा स्टेशनवाला त्याखाली गाडलेला असतो. अशा वेळी बरेच जण प्रीअँप, म्हणजे रिसीव्हरच्या आधी सिग्नल वाढवणारा डबा, लावतात, मला ते पटत नाही, कारण सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढतो. या बँडवर रिसीव्हर मुळात पुरेसा तिखट असतो, कमी पडते ती दिशा.

म्हणून उसाची तोडणी झाल्यावर बांधाच्या कडेनं दोन-अडीच मीटर उंचीवर साधी तार ओढली, १६५ मीटर, म्हणजे साधारण एका लाटेची लांबी, युरोपसाठी वायव्येकडं. लांबच्या टोकाला ४५० ओहमचा रेझिस्टर आणि जमिनीत ठोकलेला अर्थ रॉड, घराकडच्या टोकाला तार केबलशी जुळवणारा ९:१ ट्रान्सफॉर्मर आणि रिसीव्हरपर्यंत कोॲक्स केबल. ही हॅरॉल्ड बेव्हरेज या अमेरिकन इंजिनिअरची कल्पना, म्हणून असल्या तारेला बेव्हरेजच म्हणतात, पेटंट १९२१ चं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पॉल गॉडली हा अमेरिकन रेडिओवाला स्कॉटलंडच्या आर्ड्रॉसनला असलीच तार ओढून अमेरिकन हौशींचे सिग्नल ऐकत बसला होता!

यातली गंमत जमिनीत आहे. जमिनीला घासत येणारी लाट खालच्या बाजूला रेंगाळते, त्यामुळं ती पुढं झुकते आणि तिचं थोडं बळ तारेच्या रेषेत येतं, मग रेझिस्टरकडून आलेली लाट तारेबरोबर चालत चालत व्होल्टेज साठवत रिसीव्हरपाशी पोचते. उलट्या बाजूनं आलेलीही तशीच साठते पण ती पोचते रेझिस्टरपाशी, आणि तिथं तिची उष्णता होऊन ती संपते. मागचं ऐकू येत नाही ते यामुळं.

पहिल्या रात्री तीन वाजता स्विच उभ्या अँटेनावरून तारेवर बदलला तर गोंगाट एस ८ वरून एस २ ला आला, सिग्नलही पडला, पण तो एस ४ वर होता आणि मोर्सचा एकेक ठिपका वेगळा ऐकू येत होता, मी हेडफोन काढून परत घातला, खरंच वाटेना.

ज्यांच्याकडं रान नाही त्यांनी तारेचा मीटरभर व्यासाचा लूप, म्हणजे कडं, करावा. तो ज्या दिशांनी ऐकतो तो पट्टा रुंद असतो पण बहिरा कोपरा एकदम अरुंद आणि खोल, त्यामुळं स्टेशनकडं वळवण्यापेक्षा तो बहिरा कोपरा त्रास देणाऱ्या इन्व्हर्टरकडं करायचा.

आमची काळी जमीन ओली असली की वीज चांगली वाहते, मग लाट कमी झुकते आणि तार जरा मंद पडते. जतकडं मामांचा मुरमाड माळ आहे, बेव्हरेजला तसलीच कोरडी जमीन लागते. मामांना फोन केला तर म्हणाले, "ये की, पण शेरडं तारंत अडकली तर तूच सोडवायची." इथल्या रानात ट्रॅक्टर घालायच्या आधी तार गुंडाळून तिकडं नेणार आहे, यावेळी ईशान्येला, जपानसाठी.