नानांच्या फोनवरच्या कर्जाच्या जाहिराती बंद करताना

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, निफाड तालुक्यात द्राक्षबाग सांभाळतात आणि मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला, डाऊनी हा बुरशीजन्य रोग आला, आणि गावच्या सहकारी सोसायटीचे पीककर्ज वेळेवर फिटणार नाही हे डिसेंबरातच दिसू लागले. कर्जाचे पुनर्गठन, म्हणजे परतफेडीचे हप्ते आणि मुदत नव्याने ठरवणे, कसे करून घेतात, हे नानांनी एकदा रात्री फोनवर शोधले. घरात ते कोणाशीही बोलले नव्हते. चार-पाच दिवसांत मात्र हवामानाचे ॲप उघडले की पाच मिनिटांत कर्ज, बाजारभाव पाहायला जावे तर कागदपत्रांशिवाय कर्ज, अशा जाहिराती त्यांच्यासमोर येऊ लागल्या. अखेर त्यांनी त्यांपैकी एका जाहिरातीत आपले नाव आणि मोबाईल क्रमांक भरला. दुसऱ्या दिवसापासून रोज दहा-बारा फोन येऊ लागले.

जानेवारीत ते डोळ्यांच्या तपासणीसाठी माझ्याकडे राहायला आले, तेव्हा जेवतानाही फोन वाजत राहिला आणि मला हे सगळे कळले. “माझी अडचण मी गावात कोणाला सांगितली नाही गं, मग फोनला कशी कळली?” असे त्यांनी विचारले. त्या प्रश्नाचे नीट उत्तर देता यावे, म्हणून मी पुढचे तीन आठवडे या कामाला दिले.

उत्तराचा एक मोठा भाग असा होता. अँड्रॉइड फोनला जाहिरातींसाठी अंक आणि अक्षरांची एक वेगळी ओळख, म्हणजे जाहिरात आयडी, दिलेली असते. निरनिराळी ॲप्स ती ओळख वाचतात आणि ‘हा फोन कर्जाविषयी पाहत होता’ अशा नोंदी तिच्याखाली जमा होत जातात. ॲपमधली जाहिरातीची जागा उघडताच त्या जागेसाठी एका सेकंदाच्याही आत बोली लागते आणि बोली लावणाऱ्यांना त्या नोंदींचा उपयोग होतो. यात नानांचे नाव कोणाला ठाऊक असण्याची गरजच नसते. माणूस पैशाच्या विवंचनेत आहे हे ओळखून नेमक्या त्याच घडीला त्याच्यासमोर महागडे कर्ज ठेवणे मला अन्यायाचे वाटते, आणि माझ्या संतापाचे कारणही तेच आहे.

पहिले काम सोपे निघाले. सेटिंग्जमध्ये गूगलच्या विभागात जाहिरातींचे पान आहे आणि तिथे जाहिरात आयडी हटवण्याची सोय आहे. आयडी हटवला की त्याच्या जागी ॲप्सना नुसती शून्ये मिळतात. तिथेच तो बदलून नवा घेण्याचाही पर्याय असतो, पण नवा आयडी म्हणजे नवी वही, म्हणून आम्ही हटवण्याचाच पर्याय निवडला. त्यानंतर त्यांच्या गूगल खात्यातील ‘माय ॲड सेंटर’ उघडून वैयक्तिक जाहिराती बंद केल्या. जाहिरातींची संख्या याने कमी होत नाही, फक्त त्या आपल्या हालचालींवरून निवडल्या जात नाहीत, हे मी नानांना आधीच सांगून ठेवले होते.

परवानग्या तपासायला सर्वाधिक वेळ लागला. हवामानाच्या ॲपला त्यांचे स्थान चोवीस तास दिसत होते, ते ‘वापरताना’ आणि ‘अंदाजे’ असे करून घेतले, कारण पावसाचा अंदाज कळायला अंदाजे ठिकाण पुरते. कर्जाच्या एका ॲपने तर संपर्क यादी मागितली होती आणि नानांनी ती दिली होती. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार अशा ॲपला संपर्क यादी, कॉलच्या नोंदी किंवा फोनमधील फोटो पाहता येत नाहीत, हे वाचल्यावर मी आधी परवानगी काढली आणि मग ते ॲप.

फोन मात्र थांबेनात. १९०९ वर ‘स्टार्ट ०’ असा संदेश पाठवून मी नानांचा क्रमांक डीएनडीमध्ये, म्हणजे जाहिरातींचे फोन आणि संदेश नको असलेल्यांच्या यादीत, नोंदवला, तरी ज्या कंपनीचा अर्ज त्यांनी भरला होता तिचे फोन चालूच राहिले. कारण शोधायला मला दोन दिवस लागले: ग्राहकाने स्वतः स्पष्ट संमती दिलेली असेल, तर डीएनडी असूनही त्या कंपनीला संपर्क साधता येतो. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत तशी संमती होती आणि तिच्यापुढची खूण आधीपासून केलेली होती. म्हणून आम्ही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल लिहून संमती मागे घेतली आणि माहिती पुसून टाकण्याची मागणी केली. चार ओळींच्या त्या पत्रावर नानांनी दोनदा नजर फिरवली, ‘कृपया’ हा शब्द काढायला लावला, आणि मला त्यांचे म्हणणे पटले.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, असे म्हटले आहे, आणि संमतीची सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्यायही द्यायचा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांवरील मुख्य बंधनांना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. नानांनी भरलेल्या अर्जात मराठीचा एक शब्दही नव्हता. ती सूचना त्यांना मराठीत वाचता आली असती, तर त्यांनी ती खूण काढली असती, याची मला खात्री आहे.

ई-मेलनंतर नवव्या दिवशी त्या कंपनीचे फोन बंद झाले. आणखी दोन अनोळखी क्रमांकांवरून विचारणा येत राहिली. अशा नको असलेल्या फोनची तक्रार तो आल्यापासून सात दिवसांच्या आत करावी लागते, म्हणून नाना आता तारीख, वेळ आणि क्रमांक औषध फवारणीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात आणि दर रविवारी मला फोनवर वाचून दाखवतात. पुनर्गठनाचा अर्ज त्यांनी सोसायटीत स्वतः जाऊन दिला आहे.