काचेबाहेरून

परवा बँकेत केवायसीसाठी फोर्टात जावं लागलं. काम दहा मिनिटांचं, पण सही करणारे साहेब जेवायला गेलेले. तासभर काढायचा होता. ऊन मी म्हणत होतं. हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली सावली असते म्हणून तिथून चाललो होतो, तर एका काचेपाशी पाय थांबले. आत एकच पर्स. गाभाऱ्यात देव बसवावा तशी बसवलेली, वरून उजेड सोडलेला. किमतीची चिठ्ठी कुठे दिसते का म्हणून मी वाकून बघितलं. नव्हती.

तेवढ्यात दारातल्या गार्डने अदबीने दार अर्धं उघडलं. मी चटकन फोन कानाला लावला आणि "हां, बोल रे" म्हणत पुढे सटकलो. फोन कोणाचाच नव्हता. असल्या दुकानांच्या दारात मी हेच करतो, आणि गार्डलाही ते कळत असणार.

पूर्वी ही पंचाईत नव्हती. परदेशी बड्या नावांची दुकानं पंचतारांकित हॉटेलांच्या पोटात असायची, रस्त्यावरच्या माणसाला दिसायचीच नाहीत. मग २०११ साली हर्मेस या फ्रेंच कंपनीने याच सर्कलमध्ये दुकान थाटलं, ते थेट फुटपाथला लागून. हे सर्कल होण्याआधी इथे बॉम्बे ग्रीन नावाचं मैदान होतं आणि तिथे कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागायच्या. लोअर परळचा झगमगाट तर फिनिक्स मिलच्याच आवारात. महागड्या दुकानांना खाली कापूस लागतो की काय कोण जाणे.

पण काचेबाहेर उभं राहायची सवय माझी नव्हे, अण्णांची. अण्णा फोर्टातल्या एका कचेरीत तीस वर्षं होते. डोंबिवलीहून आठ-बाराची गाडी, व्हीटी, कचेरी. दीड वाजता डबा खाल्ला की दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून फाउंटनपर्यंत एक फेरी. शोकेस बघत जायचं, आत पाय ठेवायचा नाही. एका दुकानात तपकिरी चामड्याचे बूट होते, तळ शिवलेले, नाकाड लांबट. पुढ्यात पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर शाईने किंमत: रुपये ३४०. आमच्या घरात तो आकडा शाळेच्या फीपेक्षा जास्त वेळा निघाला असेल. संध्याकाळी अण्णा पायातल्या चपला काढता काढता सांगायचे, "आहेत अजून." आई पोळी लाटत विचारायची, "उतरले का काही?" "छे, तीनशे चाळीसच." दोन दिवाळ्या असं चाललं. एकदा दिवाळीच्या खरेदीला आम्ही सगळे फोर्टात गेलो, तेव्हा त्यांनी आम्हाला ओळीने उभं करून ते बूट दाखवले. डाव्या बुटाच्या टाचेशी उन्हाने रंग थोडा विटला होता, तेही दाखवलं. मग आम्ही फॅशन स्ट्रीटच्या फुटपाथी बाजारात जाऊन माझ्यासाठी एक शर्ट घेतला.

आणि एक दिवस अण्णा आले, चपला काढल्या, म्हणाले, "गेले." त्या रात्री आमटीत मीठ पडलं नव्हतं. कोणी बोललं नाही.

१९९९ साली हाजीअलीला क्रॉसरोड्स मॉल झाला. गर्दी आवरेना म्हणून काही काळ आत जायला मोबाइल नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवा, किंवा पैसे भरा, असा नियम होता. ते पेपरात वाचून अण्णा आठवडाभर खूश होते. दुकान बघायला तिकीट! म्हणजे आपण तीस वर्षं फुकट नाटक बघितलं म्हणायचं!

आता उपनगरात मॉलच मॉल. गेल्या वर्षी अण्णांना ठाण्यातल्या एका मॉलमध्ये नेलं. सरकत्या जिन्यावर त्यांनी माझा दंड असा धरला की वळ उठले. वरच्या मजल्यावर बाकावर बसवलं. समोर घड्याळांचं दुकान, बाजूला चपलांचं, कुठेही दारच नाही, लोक बोलता बोलता आत जातात नि बाहेर येतात. शेजारच्या बाकावर तीन आजोबा निव्वळ एसीसाठी येऊन बसलेले. अण्णा तासभर इकडेतिकडे बघत राहिले. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय काय बघितलंत?" तर म्हणाले, "काही नाही गं. तिथे बाहेर उभं राहायला जागाच नाही."

बँकेचं काम झाल्यावर मी मुद्दाम पुन्हा त्याच कमानींखालून आलो. काचेत आता निळी पर्स होती. मघाची कोणी नेली की नुसती बदलली, देव जाणे. गार्डही बदलला होता. गाडी वाटेत रेंगाळली तेव्हा घरी फोन लावला, या वेळी खरा.

"अण्णा, फोर्टात एक पर्स बघितली. तासाभरात गेली."

"कितीची होती?"

"चिठ्ठीच नव्हती."

"मग आत जाऊन विचारायचं ना रे!"

तीस वर्षांत एकदाही आत न गेलेला माणूस! काय बोलणार? म्हटलं, पुढच्या वेळी विचारतो.