अवस्थांतर पदार्थांची पेटी, नोंद तिसरी : रात्रीचा हिशेब

अवस्थांतर पदार्थ म्हणजे वितळताना भरपूर उष्णता शोषणारे आणि गोठताना ती सोडणारे पदार्थ. ते छताखाली ठेवले तर आतली जागा दिवसा गार राहते का, हे पाहण्यासाठी मागच्या नोंदीतल्या दोन सारख्या प्लायवूडच्या पेट्या अजून उन्हातच आहेत. एकीच्या छताखाली कॅल्शियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट भरलेल्या सपाट प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत, दुसरी रिकामी आहे. या क्षाराचा द्रवणांक सुमारे २९ अंश सेल्सिअस आणि अप्रकट उष्मा (तापमान न वाढता वितळण्यात शोषली जाणारी उष्णता) किलोमागे साधारण १९० किलोज्यूल असल्यामुळे, माझे दोन किलो पूर्ण वितळताना ३८० किलोज्यूलच्या आसपास उष्णता शोषतात. तेवढीच उष्णता पाच अंशांच्या वाढीत सामावून घ्यायची तर ८० किलोहून अधिक काँक्रीट लागेल.

पहिले दोन दिवस छताच्या आतल्या पृष्ठभागाचा आलेख ३० अंशांपाशी दुपारभर जवळजवळ आडवा राहिला आणि मी खूश झालो. तिसऱ्या दिवशी मात्र दोन्ही पेट्यांच्या रेषा एकमेकींवर चढल्या. पदार्थ बिघडला असावा, हा माझा पहिला तर्क चुकीचा निघाला. सकाळी पिशव्या दाबून पाहिल्या, तर आतला क्षार अजून द्रवच होता, आणि जे रात्री गोठलेच नाही ते दिवसा वितळणार कसे?

कारणे दोन होती. बंद पेटीतून साठलेली उष्णता रात्री बाहेर पडत नव्हती. शिवाय हा क्षार द्रवणांकाच्या कित्येक अंश खाली जाऊनही द्रव राहू शकतो, म्हणजे त्याचे अतिशीतन होते. आता रात्री झडपा उघडून छोटा पंखा चालवतो, आणि स्फटिकांना सुरुवात मिळावी म्हणून स्ट्रॉन्शियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट अल्प प्रमाणात मिसळले आहे. आडवी रेषा परतली आहे. पंख्याची वीज गारव्यावरच्या विजेच्या बचतीतून वजा करायलाच हवी, नाहीतर आपण स्वतःचीच फसवणूक करतो. जिथे रात्रीची हवा द्रवणांकाखाली उतरतच नाही, तिथे गोठवण्याचे काम वातानुकूलन यंत्रावर पडते. मग मुख्यतः विजेच्या मागणीची वेळ बदलते, प्रत्यक्ष बचत थोडीच होते.

वारंवार वितळण्या-गोठण्यात क्षाराचे घटक वेगळे होऊन तळाशी थर साचण्याची भीती अजून आहे. सौरऊर्जेच्या संशोधक मारिया टेल्केस यांनी १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील डोव्हर येथे बांधलेल्या सौरघरात उष्णता साठवायला ग्लॉबर क्षार (सोडियम सल्फेट डेकाहायड्रेट) वापरला होता. ते घर गारव्यासाठी नव्हे, उबेसाठी होते, पण काही हिवाळ्यांतच क्षाराचे घटक वेगळे होऊन साठवण ढासळली. माझ्या पिशव्यांच्या तळाशी अद्याप गाळ दिसत नाही, तरी घटक वेगळे होऊ नयेत म्हणून पुढच्या भरणीत द्रव दाट करणारा पदार्थ घालणार आहे.

त्यानंतर ऑक्टाडेकेन हे पॅराफिन आजमावायचे आहे. ते सुमारे २८ अंशांना वितळते आणि त्याचे अतिशीतन फारसे होत नाही. पण त्याची उष्णतावाहकता अगदी कमी, मीटर-केल्विनमागे ०.२ वॅटच्या आसपास असल्यामुळे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या बसवाव्या लागतील. क्षार धातूला गंजवतो म्हणून आतापर्यंत पट्ट्या टाळल्या होत्या. पॅराफिन ज्वलनशील असल्याने पंख्याच्या तारा मात्र आधी पेटीबाहेर काढीन.